जुन्या वाघिणींचं संशोधन आणि मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाटक पडलं की लहानपणी आपण सगळ्यांनीच मालगाडीचे डबे मोजलेत. काहींना मात्र मोजून झाल्यावर प्रश्न पडतात. हा डबा बुटका आणि तो लांब का? दाराशेजारी पांढऱ्या रंगात एवढं काय लिहिलंय? शेवटच्या डब्यातला गार्ड दिवसभर काय करतो? असे प्रश्न पडणाऱ्या लोकांनी गेल्या काही वर्षांत मला जे विचारलं, त्याची उत्तरं इथे मांडली आहेत. उदाहरणं भारतीय रेल्वेची, त्यातही बहुतेक आपल्या भागातली आहेत, कारण मी त्याच डब्यांचा इतिहास शोधतो आणि त्यांची छोटी मॉडेलं करतो.

'वाघीण' हा शब्द खरा आहे का?

अगदी खरा. साहेबाचा 'वॅगन' आपल्या लोकांच्या तोंडी बसला आणि त्याची वाघीण झाली. वर्तमानपत्रांत आजही 'मालगाडीच्या वाघिणी घसरल्या' असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला जंगल आठवत नाही. रेल्वेतली माणसं बोलताना 'वॅगन' म्हणतात, मालधक्क्यावर 'डबा' ऐकू येतं. मी तिन्ही वापरतो. मनापासून आवडतो तो वाघीण.

इंजिनं सोडून मालडबेच का?

इंजिनांवर भरपूर लिहिलं गेलंय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण ती रेल्वे बांधण्यामागे आतल्या मुलखातला कापूस मुंबई बंदरात आणायचा मोठा हेतू होता, आणि तो कापूस ज्या डब्यांतून गेला त्यांची नावं कुणी ठेवली नाहीत. बरेचसे डबे भंगारात गेले, त्यांची चित्रं गेली, आणि ते हाताळणारी माणसंही आता जायला लागली आहेत. म्हणून इथे काम करायला जागा आहे. घरी बसून, पदरच्या पैशाने, एखाद्या डब्याबद्दल आजवर कुणी नोंदवलेलं नाही असं काही तुम्ही खरोखर शोधून काढू शकता.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. आजची मालगाडी म्हणजे एक रेक: सगळे डबे एका जातीचे, सगळ्यांत एकच माल, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. पूर्वीची मालगाडी मिसळीची असायची. खामगावच्या कापसाच्या गाठी, त्यामागे बल्लारपूरचा कोळसा, मग कोल्हापूर भागातला गूळ, एक रॉकेलची टाकी, दोन रिकामे डबे. प्रत्येक यार्डात गाडी तोडायची, डबे वेगळे काढायचे, पुन्हा जोडायची. अशी गाडी एका विशिष्ट दिवशी कशी दिसली असेल हे ठरवायला बसलात की त्या भागातला बाजार, पीक, गिरण्या, सगळं शोधावं लागतं. माझा तरी भूगोल त्यातून पक्का झाला.

सुरुवात कशी करायची?

आधी साल ठरवा. मग ठिकाण. खरेदी त्यानंतर.

हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. माझा पहिला देखावा १९६५ सालच्या मनमाडचा होता. पुढे डब्ल्यूजी वर्गाचं वाफेचं इंजिन, मागे बॉक्सएन जातीच्या सहा उंच उघड्या वाघिणी. तीन महिने रोज रात्री बसून केलेलं काम. माझे मामा रेल्वेत टीएक्सआर होते, म्हणजे गाडी सुटण्यापूर्वी डबा न् डबा तपासून 'फिट' देणारा माणूस. ते चष्मा कपाळावर सरकवून टेबलाशी वाकले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून आले आणि म्हणाले, "अरे, हिला हवा कोण देणार?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. बॉक्सएनमधला शेवटचा 'एन' म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. आपली वाफेची इंजिनं मालगाडीचा ब्रेक चालवायची तो निर्वातावर, ज्याला सगळे व्हॅक्यूम म्हणतात. त्या इंजिनाने त्या गाडीचा ब्रेक सुटलाच नसता. शिवाय बॉक्सएन रुळांवर आली ती १९८०च्या दशकात. १९६५ साली ती जन्मालाही आलेली नव्हती. तीन महिन्यांच्या कामात दोन चुका, आणि दोन्ही पहिल्याच दिवशी टळल्या असत्या, जर मी वहीच्या वरच्या ओळीत लिहिलेलं साल प्रत्येक डब्याला विचारलं असतं.

साल ठरलं की बाकीची उत्तरं आपोआप लागत जातात: ब्रेक कोणता, डब्याला डबा अडकवणारा जोड कोणता, अक्षरं कोणत्या लिपीत, मालक कोण, दारं कशी.

कोणतं साल घेऊ?

ज्याबद्दल तुम्हाला माणसं भेटतील किंवा कागद मिळतील ते. आजोबा भुसावळला कामाला होते? मग त्यांच्या नोकरीतलंच एखादं वर्ष घ्या.

ज्यांना असा धागा नाही त्यांना मी दोन-तीन काळ सुचवतो. एक म्हणजे १९३०च्या आसपासचा भोर घाट. १८६३ साली सुरू झालेला हा मार्ग, चढ ३७ला १, आणि १९२०च्या दशकाच्या शेवटी आलेली, लोकांनी 'खेकडा' म्हटलेली विजेची इंजिनं. अशा उतारावर डब्यांचे हातब्रेक कसे लावत, गाडी कुठे थांबवत, हे शोधण्यातच एक पावसाळा जाईल. दुसरा काळ १९५१ नंतरची चार-पाच वर्षं. ५ नोव्हेंबर १९५१ ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे, निझामाची रेल्वे वगैरे एकत्र येऊन मध्य रेल्वे झाली. पण एवढ्या डब्यांवरची अक्षरं एका रात्रीत बदलता येत नाहीत. डबा कारखान्यात रंगायला येईल तेव्हा नवी अक्षरं मिळणार. त्यामुळे एकाच गाडीत जुन्या आणि नव्या मालकांची नावं शेजारी शेजारी दाखवता येतात, आणि मॉडेल करणाऱ्याला याहून गोड काम नाही.

तिसरा काळ बार्शीचा. त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

दुसऱ्या रेल्वेचे डबे आपल्या गाडीत दाखवले तर चालतं का?

चालतं काय, दाखवायलाच हवेत. १९०३ साली स्थापन झालेल्या इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनने एका कंपनीचे डबे दुसरीच्या रुळांवर कसे फिरतील, दुरुस्ती कुणी करायची, याचे नियम घालून दिले. बंगाल नागपूर रेल्वेचा डबा मुंबईच्या गोदीत उभा असणं रोजचं होतं. सगळे डबे एकाच मालकाचे असलेली जुनी मिश्र मालगाडी दिसली की मला ती खोटी वाटते. अट एकच: गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, जुळायला हवा. मीटर गेजवरचा माल ब्रॉडगेजवर यायचा तो हमालांच्या पाठीवरून.

डब्यावरची अक्षरं आणि आकडे कसे वाचायचे?

डब्याच्या अंगावर त्याची सगळी कुंडली असते. रिकाम्या डब्याचं वजन, किती टन भरायचं, शेवटची मोठी दुरुस्ती कोणत्या कारखान्यात कधी झाली आणि पुन्हा कधी परत यायचं. ही दुरुस्तीची तारीख म्हणजे संशोधकाला लागलेली लॉटरी. फोटोवर साल लिहिलेलं नसलं तरी डब्यावरची तारीख वाचता आली तर फोटो त्यानंतरचाच, एवढं पक्कं होतं. आणि डबा ताज्या रंगात असेल तर फार नंतरचाही नाही.

जातीची अक्षरं रोमन आहेत पण शिकायला सोपी. सुरुवातीचा 'बी' म्हणजे बोगी, म्हणजे आठ चाकांचा डबा. तो नसेल तर बहुतेक वेळा चारचाकी. 'सी' बंद, 'ओ' उघडा, 'एफ' सपाट, 'टी' टाकी. शेवटी येणारी अक्षरं जोड आणि ब्रेक सांगतात: 'सी' मधोमधचा जोड, 'टी' या आणि जुन्या स्क्रूच्या, दोन्ही प्रकारच्या जोडांशी जमवून घेणारा, 'एन' हवेचा ब्रेक. म्हणजे एकच अक्षर पुढे आलं तर एक अर्थ, मागे आलं तर दुसरा. नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतं ते 'सीआर'. मालकाच्या जागी असेल तर मध्य रेल्वे, जातीच्या जागी असेल तर चारचाकी बंद वाघीण. दोन्ही एकाच डब्यावर असू शकतं!

या शतकाच्या सुरुवातीला ११ आकडी नंबर आले. पहिले दोन आकडे जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, नंतरचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार डब्याचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळणीचा. मध्य रेल्वेला ०१. हा शेवटचा आकडा काढता यायला हवा, नाहीतर मॉडेलवर मनाने टाकलेला नंबर जाणकाराच्या डोळ्यांत खुपतो. रीत अशी: डावीकडून सम जागांवरचे आकडे मिळवा, बेरजेला तिनाने गुणा, त्यात विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज घाला, आणि पुढच्या दहाच्या पाढ्यातल्या संख्येला जायला किती कमी पडतात ते पाहा. समजा पहिले दहा आकडे २२०१०८१२३४ आहेत. सम जागा: २, १, ८, २, ४, बेरीज १७, तिप्पट ५१. विषम जागा: २, ०, ०, १, ३, बेरीज ६. एकूण ५७. साठाला तीन कमी. शेवटचा आकडा ३.

आमच्या घरी हा खेळ फाटकावर चालतो. मुलगी आठवीत आहे, तिचं उत्तर माझ्याआधी येतं.

मॉडेलचं प्रमाण कोणतं निवडावं?

या प्रश्नावर लोक वर्षानुवर्षं अडून बसतात, म्हणून नीट सांगतो.

जगात सगळ्यात जास्त सामान मिळतं ते एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मि.मी. रुंदीचे. ही रुंदी युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी बेतलेली आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी. तो १:८७ ने छोटा केला की १९.२ मि.मी. येतो. म्हणजे बाजारातल्या रुळांवर आपला डबा उभा केला की अंगाने बरोबर, पण पाय पावणेतीन मि.मी. आत. समोरून पाहिलं की डबा चवड्यावर उभा असल्यासारखा दिसतो. ओओ, म्हणजे १:७६ घेतलं तर फरक आणखी वाढतो, कारण तिथे ब्रॉडगेज २२ मि.मी. व्हायला हवा आणि रूळ मात्र तेच १६.५.

तीन वाटा आहेत. पहिली: फरक मान्य करून एचओमध्ये काम करायचं. बहुतेक लोक हेच करतात आणि त्यात काही गैर नाही, बाजूने पाहताना डोळ्याला जाणवत नाही. दुसरी: रूळ स्वतः घालायचे, १९.२ रुंदीचे. हे मेहनतीचं काम आहे, पण वीतभर लांबीचा एकच तुकडा, त्यावर उभा एकच डबा, असं करायला हरकत नाही. तिसरी वाट मला फार सुंदर वाटते. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फूट. एका फुटाला तीन मि.मी. धरले तर साडेपाच फुटांचे बरोबर साडेसोळा मि.मी. होतात! म्हणजे १:१०१.६ या प्रमाणात डबा बांधला तर बाजारात मिळणाऱ्या साध्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेज अचूक बसतो. तयार सामान या प्रमाणात जवळजवळ मिळत नाही, सगळं हाताने करावं लागतं. पण तुम्ही नाहीतरी डबा हातानेच बांधणार असाल तर याचा विचार करा.

बॉक्सएनचं उदाहरण घेतो. जोडापासून जोडापर्यंत तिची लांबी १०,७१३ मि.मी. एचओमध्ये ती १२३ मि.मी. होते, तीन मि.मी.च्या प्रमाणात १०५. आणि ही वाघीण इतकी आखूड का, हेही पाहण्यासारखं आहे. तिच्या आधीची बॉक्स जातीची वाघीण पावणेचौदा मीटरच्या आसपास लांब होती. स्टेशनातली बगलेची लाइन, जिथे मालगाडी थांबून मेलला वाट देते, तिची लांबी ठरलेली. डबा आखूड आणि उंच केला की त्याच लांबीत जास्त टन बसतात. ५८ बॉक्सएनचा रेक सुमारे ६२१ मीटर भरतो. तेवढ्याच लांबीत जुने बॉक्स ४५ बसले असते.

बार्शी लाइट रेल्वेचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण मालडब्याच्या इतिहासात आपल्या सोलापूर जिल्ह्याचं नाव जगात घेतलं जातं, आणि ते आपल्याच लोकांना ठाऊक नसतं.

गोष्ट अशी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंजिनिअर. त्याचं म्हणणं होतं की अरुंद रुळांची रेल्वे स्वस्तात बांधता येते आणि तरी ती भरपूर माल ओढू शकते, फक्त वजन नीट वाटलं पाहिजे. त्याने ठरवलं: इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, कोणत्याही आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार नको. मग रूळ हलका चालतो, तीन फूट (एक यार्ड) लांबीला ३० पौंडांचा. आणि रूळ हलका म्हणजे खर्च कमी. मालडब्यांसाठी त्याने एकच सांगाडा घेतला: दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचा, २५ फूट लांब, ७ फूट रुंद. वर बंद पेटी बसवली की बंद वाघीण, कठडे बसवले की उघडी. हे डबे इंग्लंडात लीड्स फोर्ज कंपनीने केले आणि लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ घालून त्यांची चाचणी घेतली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. १९५४ साली ही रेल्वे सरकारकडे आली. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झालाय.

कॅल्थ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे केली, १९०४ साली. म्हणजे तंत्र बार्शीहून इंग्लंडला गेलं. याच माणसाने नंतर विमानातून उडी मारायचं पॅराशूटही केलं.

मॉडेल करणाऱ्यासाठी बार्शीचे दोन फायदे आहेत. २५ फुटांचा सांगाडा एचओमध्ये साडेसत्याऐंशी मि.मी. होतो, रुंदी साडेचोवीस. तळहातावर मावतो. एक सांगाडा नीट जमला की तोच सगळ्या डब्यांना चालतो. आणि गेज: ७६२ मि.मी. चे एचओमध्ये पावणेनऊ होतात. एचओहून छोट्या एन प्रमाणाचे ९ मि.मी. रूळ बाजारात सहज मिळतात. पाव मि.मी.चा फरक कुणाला दिसणार आहे?

मी सध्या कुर्डुवाडीचा माल-बदलीचा फलाट करतोय. एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला बार्शी लाइट, मधे छप्पर, आणि एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत पोती नेणारे हमाल. हमाल करताना लक्षात आलं की दोन्ही डब्यांच्या तळांची उंची वेगळी आहे. म्हणजे पोतं उचलून चढवायचं की खाली उतरवायचं, हे आधी ठरवावं लागतं आणि त्याप्रमाणे माणसाची पाठ वाकते.

माहिती कुठे शोधायची?

दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय, ही दोन आधी पाहा. डब्याखाली वाकून बघा, तिथेच खरी माहिती असते. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथे मालडब्यांचं संशोधन मिळणार नाही, पण चालती मॉडेलं पाहून हुरूप येतो. मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात रेल्वेसंबंधीचे जुने सरकारी कागद आहेत. मागताना विषय नेमका लिहून न्या. 'रेल्वेची माहिती हवी' म्हटलं तर कुणीच मदत करू शकत नाही. इंटरनेटवर आयआरएफसीए या रेल्वेप्रेमींच्या जुन्या मंडळाने डब्यांच्या जातींची जी यादी केली आहे, ती कायम उघडी ठेवावी अशी आहे. १९५७ नंतरच्या डब्यांची आखणी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेकडची, त्यामुळे त्यांच्या कागदावर जे माप आहे ते शेवटचं माना.

पण या सगळ्याआधी निवृत्त माणसं. टीएक्सआर, गार्ड, यार्ड मास्टर, पॉइंट्समन, मालधक्क्यावरचे बाबू. त्यांना 'डब्याचा रंग कोणता होता' असं थेट विचारू नका, गडबडतात. 'हात कशाने काळे व्हायचे' विचारा. मग सगळं निघतं.

मी परदेशात राहतो. मला काही करता येईल?

इंग्लंडात असाल तर आमच्यापेक्षा जास्त. स्वातंत्र्यापूर्वीचे पुष्कळ डबे तिथल्या कारखान्यांत बांधले गेले. ग्लॉस्टर रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनीचा संग्रह ग्लॉस्टरशरच्या अभिलेखागारात आहे, इंडिया ऑफिसचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. कारखान्यातून डबा बाहेर पडताना काढलेला बाजूचा फोटो हा मापासाठी सर्वांत उत्तम असतो, कारण कॅमेरा काटकोनात असतो आणि अक्षरं ताजी.

ड्रॉइंग नाही, फक्त एक फोटो आहे. मापं कशी काढू?

फोटोत अशी एक गोष्ट शोधा जिचं माप पक्कं माहीत आहे. समोरून काढलेल्या फोटोत रुळांमधलं अंतर: १६७६. बाजूच्या फोटोत चाक: आधुनिक ब्रॉडगेज वाघिणीचं नवं चाक १००० मि.मी. व्यासाचं असतं. समजा छापील फोटोत चाक १२ मि.मी. आहे आणि सांगाडा टोकापासून टोकापर्यंत ११७. म्हणजे खरी लांबी ९,७५० च्या आसपास. बॉक्सएनचं प्रत्यक्ष माप ९,७८४. चूक ३४ मि.मी., एचओमध्ये ती अर्ध्या मि.मी.पेक्षाही कमी.

फोटो तिरका असेल तर ही रीत फसते. तेव्हा रिव्हेट मोजा. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत समान अंतर असतं, तेवढं धरून पुढे जाता येतं. जुन्या डब्याची चाकं मात्र १००० धरून चालू नका, आधी खात्री करा.

रंग कसा ठरवायचा? जुने फोटो तर काळे-पांढरे.

इथे एक सापळा आहे. जुन्या काळच्या बऱ्याच काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडी वस्तू फोटोत काळी यायची. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोतली 'काळी' वाघीण प्रत्यक्षात काळीच होती असं समजू नका. फोटोत तांबड्याची खात्री असलेलं दुसरं काही आहे का पाहा, म्हणजे कौलं किंवा विटा. तेही तेवढंच काळं असेल तर डबा लालसर असण्याची शक्यता धरा.

चारचाकी मालडब्यांचा आपल्या डोळ्यांसमोरचा रंग म्हणजे रेड ऑक्साइड. डबीतून काढून तसाच लावला तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. छोट्या वस्तूवर रंग गडद भासतो, म्हणून मी थोडा फिका करडा मिसळतो. सोलापूरच्या उन्हात चार वर्षं उभी राहिलेली वाघीण तांबडी राहत नाही, विटकरी-गुलाबी होते.

मळ, गंज, तेलाचे डाग कसे दाखवावेत?

मामांनी शिकवलेलं सांगतो. जुन्या डब्यांना आसाच्या टोकाला तेलाची पेटी असायची, आत तेलात भिजवलेल्या सुती चिंध्या. पेटीचं झाकण पायाने किंवा हातोडीने उघडून तेल घालायचं. ते सांडायचं, चाकावर यायचं, त्यावर धूळ बसायची. म्हणून अशा डब्याचं चाक काळं, जाड थराचं, ओशट दिसतं आणि पेटीच्या झाकणाखाली ओघळ असतो. रोलर बेअरिंगच्या डब्याचं चाक कोरडं, गंजाचं, मातकट. रंगाच्या दोन बाटल्यांत हा फरक दाखवता येतो, आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी डबा खरा वाटतो.

सिमेंटचा डबा पावसात भिजला की दाराखाली करडे, कडक ओघळ. कोळशाची वाघीण आतून काळी आणि वरच्या कडेला घासून चकचकीत. आणि खडू! यार्डातल्या माणसांनी डब्यावर खडूने काहीबाही लिहिलेलं असे. एक बारीक पांढरी पेन्सिल पुरते, पण अक्षरं घाईत लिहिल्यासारखी यायला हवीत.

मळ लावताना माझा हात जड आहे, अजून शिकतोय.

साहित्य काय लागतं?

स्टायरीन या प्लास्टिकची अर्ध्या मि.मी. आणि एक मि.मी.ची पत्री, धारदार ब्लेड, पोलादी पट्टी, व्हर्नियर, पितळी तार, प्लास्टिक चिकटवायचं पातळ सिमेंट, अॅक्रिलिक रंग, अक्षरांसाठी पाण्याने सुटणारी डीकल. पहिला डबा पुठ्ठ्याचा केला तरी चालेल. थ्रीडी प्रिंटवर डब्याखालच्या चाकांच्या चौकटी (त्यांनाही बोगीच म्हणतात) आणि तेलाच्या पेट्या छान येतात. अख्खा डबा तसा छापला तर पत्रा जाड दिसतो, म्हणून बाजू मी हातानेच कापतो.

डीकल छापून घेताना देवनागरी अक्षरं स्वतः तपासा. एका ठिकाणी माझी 'मध्य' मधली जोडाक्षरं फुटून आली आणि चाळीस डब्यांचा कागद वाया गेला. आता मी अक्षरांची फाइल न देता चित्रच देतो.

डबा रुळावरून उतरतो. काय चुकतंय?

बहुधा वजन कमी आहे. अमेरिकेतल्या एनएमआरए या रेल्वे मॉडेलवाल्यांच्या संघटनेची शिफारस एचओसाठी अशी: मूळ एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनला साधारण ९७ ग्रॅम येतात. शिशाचे तुकडे तळाशी, अगदी खाली चिकटवा. वजन बरोबर असूनही उतरत असेल तर चाकांच्या आतलं अंतर मोजा.

फोटो काढायला यार्डात जाऊ का?

नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी ढकलून सोडलेला डबा आवाज न करता येतो, आणि यार्डात वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही त्याने गेली आहेत. फलाटावरून, पादचारी पुलावरून, रस्त्याच्या फाटकाबाहेरून पुष्कळ मिळतं. संग्रहालयात तर डब्याला हात लावून मोजता येतं.

आजोबांच्या पेटीत मालगाडीचा जुना फोटो सापडला. त्याचं काय करू?

आधी अल्बमातून ओढून काढू नका, चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि शाईतली तारीख तिथेच असते. घरात जे कुणी वडीलधारं आहे त्यांना शेजारी बसवून विचारा: हे कोण उभे आहेत, स्टेशन कोणतं, ऋतू कोणता होता. उत्तरं वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलने लिहा आणि तो कागद फोटोबरोबर ठेवा, फोटोवर बॉलपेन नको. मग स्कॅन मोठा करून माणसांच्या मागे पाहा. माझ्याकडे आलेल्या एका फोटोत तीन पगडीवाले खुर्चीत बसलेले आहेत, फोटो त्यांचाच काढलाय. त्यांच्या खांद्यामागे बंद वाघिणीचं अर्धं दार दिसतं, त्याच्या कडीला लावलेलं कागदी लेबल आणि लेबलाखाली दुरुस्तीची तारीख.

त्या दाराची रुंदी मला दोन वर्षं मिळत नव्हती.